‘फॅक्ट की ओपिनियन?’ विचारू नका, ‘कशावरून?’ विचारा

इंग्रजीच्या वर्गात ‘फॅक्ट की ओपिनियन’ हा धडा मी पहिल्यांदा शिकवला तेव्हा फळ्यावर दोन व्याख्या लिहिल्या होत्या. फॅक्ट म्हणजे जे खरं असतं ते, ओपिनियन म्हणजे एखाद्याला जे वाटतं ते. खाली दहा वाक्यं. चौथं वाक्य होतं, ‘द सन गोज अराउंड द अर्थ.’ वर्ग जागा राहावा म्हणून मुद्दाम घातलेलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने त्याच्यापुढे ‘ओपिनियन’ लिहिलं. मी खोडलं. ती म्हणाली, “टीचर, हे खोटं आहे ना? मग फॅक्ट कसं? आणि फॅक्ट नाही, तर ओपिनियनच ना?”

माझ्याच व्याख्येत तिने मला पकडलं होतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, चूक फळ्यावर होती. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हे कुणाचं ‘मत’ नाही, ते तपासून चुकीचं ठरलेलं विधान आहे. फॅक्टचं मराठी ‘सत्य’ किंवा ‘खरी गोष्ट’ असं सांगितलं की हा घोळ ठरलेलाच. मुलं मग वाक्याचा प्रकार बघत नाहीत, वाक्य खरं आहे का एवढंच बघतात. आणि उत्तर माहीत नसेल तर सरळ नाणेफेक.

त्यानंतर मी वर्गात शब्दच बदलले. एक ‘तपासणीचं वाक्य’, दुसरं ‘मनाचं वाक्य’. तपासणीचं वाक्य तपासून खोटंही निघू शकतं, तरी ते तपासणीचंच राहतं. मनाचं वाक्य अख्ख्या जगाला पटलं तरी मनाचंच. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ५,०३५ प्रौढांना दहा विधानं दिली होती, तेव्हा नेमकी हीच सूचना केली होती: विधान बरोबर आहे का, तुम्हाला पटतं का, हे सोडा, ते पुराव्याने सिद्ध किंवा खोटं करता येण्यासारखं आहे का, तेवढं सांगा. तपासणीची पाचही विधानं २६ टक्के लोकांनी ओळखली, मताची पाचही ३५ टक्क्यांनी. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशांचा भरणा असलेल्या देशातली ही गत. आपला विद्यार्थी तर आधी वाक्याचा अर्थ लावतो आणि मग त्याची जात ओळखतो. तेव्हा पहिल्या तासाला गोंधळ झाला तर डोक्याला हात लावू नका.

खुर्चीपासून सुरुवात

पुस्तक उघडू नका. एक वस्तू टेबलावर ठेवा. माझ्याकडे एक डुगडुगणारी लाकडी खुर्ची आहे, तीच मी दरवर्षी वापरते. प्रत्येकाने तिच्याबद्दल एक इंग्रजी वाक्य सांगायचं, मी फळ्यावर लिहायचं. व्याकरण तेवढं दुरुस्त करते, बाकी काही बोलत नाही. ‘इट हॅज फोर लेग्ज.’ ‘इट इज ब्राऊन.’ ‘इट इज अग्ली.’ ‘इट इज ओल्ड.’ ‘इट इज मेड ऑफ वुड.’ ‘वुई नीड अ न्यू वन.’

वीसेक वाक्यं झाली की प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: ‘हाऊ कॅन वुई चेक?’ मराठीत याला किती नेटका शब्द आहे बघा: ‘कशावरून?’ लहानपणी भांडताना आपण सगळ्यांनी तो वापरलाय. ‘फॅक्ट की ओपिनियन’ विचारलं की मूल माझ्या चेहऱ्याकडे बघतं. ‘कशावरून’ विचारलं की खुर्चीकडे बघतं. एवढा फरक मला पुरतो.

उत्तरं सुरुवातीला मराठीत येऊ द्या, मग त्यांना इंग्रजी द्या: काउंट, मेझर, लुक इट अप, आस्क समवन हू वॉज देअर. पाचवं उत्तर, ‘वुई कान्ट.’ नवशिक्या बॅचलाही ही पाच उत्तरं झेपतात. थोड्या पुढच्या बॅचला मी सहावं देते, ‘वेट अँड सी.’ कारण ‘इट विल रेन टुमॉरो’ आज तपासता येत नाही, पण म्हणून ते आवडीनिवडीचंही नाही. भाकिताचा ढीग वेगळा ठेवला की बरीच हमरीतुमरी वाचते.

चार पाय, लाकूड, रंग हे चटकन होतं. गाडी अडते ती ‘ओल्ड’ला, आणि ती अडावी अशीच माझी इच्छा असते. दर वर्षी कुणीतरी म्हणतं, जुनीच आहे की, दिसतंय! दुसरा म्हणतो, किती वर्षांची झाली की जुनी? इथे दहा मिनिटं द्या. घाई करू नका. शेवटी वर्गातूनच वाक्य येतं: ‘इट इज ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड.’ हे तपासता येतं, खरेदीची पावती शोधली की झालं. ‘ओल्ड’ हा शब्द दोन्ही वाक्यांत तोच, पण पहिल्यात तो मनाचा आणि दुसऱ्यात मोजमापाचा. हे एकदा लख्ख दिसलं की अर्धा धडा संपला म्हणा.

पुढचा सराव यातूनच निघतो, आणि माझ्या लेखी सगळ्या सरावांत तो वरचढ. मनाचं वाक्य द्यायचं आणि त्याचं तपासणीचं करून घ्यायचं. ‘द रूम इज कोल्ड’चं ‘द रूम इज अ‍ॅट नाइन्टीन डिग्रीज’. ‘ही इज टॉल’चं ‘ही इज अ हंड्रेड अँड नाइन्टी सेंटिमीटर्स टॉल’. मग उलटं करा. आकडा द्या आणि त्यावरून दोन परस्परविरोधी मतं काढायला सांगा. एकोणीस अंशात एकाला थंडी वाजते, दुसरा पंखा लावा म्हणतो, आकडा जागचा हलत नाही. वर्गात थर्मामीटर, टेप आणि वजनकाटा ठेवा. मोठ्या माणसांच्या बॅचमध्येही लोक हौसेने उठून मोजतात, आणि मोजता मोजता अंक इंग्रजीत बोलतात, हा वरचा नफा.

‘आय थिंक’चा सापळा

बहुतेक पुस्तकं इथे खुणेच्या शब्दांची यादी देतात: आय थिंक, आय बिलीव्ह, इन माय ओपिनियन, बेस्ट, वर्स्ट, शुड. मुलं ती पाठ करतात आणि शब्द दिसला की शिक्का मारतात. मीही काही वर्षं तेच करवून घेतलं. मग एका चाचणीत ‘आय थिंक द मीटिंग इज अ‍ॅट फोर’ हे वाक्य दिलं आणि सगळ्या वर्गाने ‘ओपिनियन’ लिहिलं. मीटिंग चारला आहे का, हे वेळापत्रकात बघता येतं. इथल्या ‘आय थिंक’चा अर्थ ‘मला नक्की आठवत नाही’ एवढाच. मराठीतलं ‘मला वाटतं’ही हीच दुहेरी नोकरी करतं. ‘मला वाटतं चारला आहे’ आणि ‘मला वाटतं तो चांगला माणूस आहे’ यांतलं अंतर मुलांना मराठीत विनासायास कळतं. तिथूनच इंग्रजीत न्या.

उलट बाजूचा सापळा जास्त वाईट. ‘द फॅक्ट इज, नोबडी केअर्स.’ वाक्याच्या तोंडीच ‘फॅक्ट’ लिहिलंय, पण ‘नोबडी’ कुणी मोजले? ‘ऑब्व्हियसली’, ‘क्लिअरली’, ‘एव्हरीबडी नोज’ ही मंडळीही त्याच घरातली. म्हणून मी सांगते, पुढचं वेष्टन काढा. आय थिंक, द फॅक्ट इज, टु बी ऑनेस्ट, जे काही असेल ते पेन्सिलीने खोडा आणि उरलेल्या वाक्याला विचारा, कशावरून?

‘मोस्ट’ आणि ‘-एस्ट’वाल्या रूपांचंही तसंच. मुलांनी ऐकलेलं असतं की सुपरलेटिव्ह म्हणजे मत. मग मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते: ‘एव्हरेस्ट इज द हायेस्ट माउंटन अबव्ह सी लेव्हल’ आणि ‘एव्हरेस्ट इज द मोस्ट ब्युटिफुल माउंटन’. व्याकरण तेच, प्रकार वेगळा. एव्हरेस्टची आणखी एक सोय आहे. १९५५ पासून तिची उंची ८,८४८ मीटर मानत होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ जाहीर केली. “म्हणजे आधीचं खोटं होतं?” असं विचारणारं कुणीतरी भेटतंच. खोटं नव्हतं, पुन्हा मोजलं गेलं. तपासणीच्या वाक्याचा हा गुण आहे, ते पुन्हा तपासता येतं.

‘मस्ट’वर जास्त वेळ घालवू नका. ‘ही मस्ट बी टायर्ड’ म्हणजे ‘दमला असावा’, अंदाज. ‘ही मस्ट वेअर अ बॅज’ म्हणजे सक्ती, आणि तसा नियम खरंच आहे का हे नियमावलीत बघता येतं. ‘असावा’ आठवून दिला की पुरे.

विशेषणांची रांग

आता माझा लाडका तास. इंग्रजीत नामाआधी बरीच विशेषणं आली की त्यांची रांग ठरलेली असते: आधी मत, मग आकार, वय, घडण, रंग, मूळ ठिकाण, आणि शेवटी ज्याची वस्तू बनली ते. मराठीत आपण याबाबत बरेच सैल असतो, त्यामुळे हा नियम पाठ करताना मुलं वैतागतात. मी तो पाठ करायला देत नाही. सात चिठ्ठ्या देते: लव्हली, लिटल, ओल्ड, राउंड, ब्राऊन, वुडन, बॉक्स. गटाने त्या लावायच्या. दोन-तीन चुकीच्या रांगा झाल्या की बरोबर रांग मीच लावून देते.

मग हातात खडू देते आणि म्हणते, यातलं मनाचं कुठे संपतं आणि तपासणीचं कुठे सुरू होतं, तिथे रेघ मारा. ‘वुडन’ नामाला चिकटून बसलंय, त्यावर वाद नाही. ‘ब्राऊन’, ‘राउंड’, जवळपास वाद नाही. ‘ओल्ड’ला पुन्हा खुर्चीचं भांडण. ‘लिटल’ कशाच्या मानाने लिटल? आणि सगळ्यात लांब, दाराशी उभं असावं तसं, ‘लव्हली’. नामापासून जितकं दूर, तितकं बोलणाऱ्याच्या जवळ. हा काही काटेकोर नियम नव्हे, ढोबळ नकाशा आहे. पण व्याकरणाचा एक रुक्ष नियम आणि हा धडा एकमेकांना असे भेटलेले पाहिले की मला स्वतःला अजून मजा येते. एका मोठ्या बॅचमधल्या इलेक्ट्रिशियनने रांगेकडे बघून म्हटलं, “म्हणजे इंग्रज आधी स्वतःचं सांगतो, वस्तूचं मागून.” यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

याच तासाच्या शेपटीला रंगीत शब्द घ्या. स्लिम, थिन, स्किनी. शब्दकोशात तिन्हींपुढे ‘बारीक’ लिहिलेलं असतं, म्हणून मुलांना ते एकच वाटतात. आपल्याकडे मात्र सडपातळ, बारीक आणि हडकुळा आहेतच. वजनकाट्यावर तिघंही पंचावन्न किलो भरतील; काट्यावर न दिसणारं जे उरतं ते बोलणाऱ्याचं. मतं अशी एकेका शब्दात लपून येतात, ‘आय थिंक’ म्हणून वर्दी देत नाहीत.

कोण म्हणालं?

इथे मराठी भाषकांची एक खास अडचण आहे. आपण आधी मजकूर सांगतो आणि शेवटी ‘असं तो म्हणाला’ म्हणतो. इंग्रजीत बहुतेक वेळा म्हणणारा आधी येतो आणि मग लांबलचक मजकूर. ‘द मॅनेजर सेड दॅट द न्यू सिस्टिम, व्हिच वॉज इन्स्टॉल्ड लास्ट मन्थ, इज अ डिझास्टर.’ वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर मॅनेजर विसरला जातो आणि ‘सिस्टिम इज अ डिझास्टर’ एवढंच हाती राहतं. मग तेच फॅक्ट म्हणून उत्तरात उतरतं.

यावर उपाय म्हणजे दोन डबे. बाहेरचा डबा: मॅनेजर असं म्हणाला. हे तपासता येतं, तिथे असलेल्याला विचारा. आतला डबा: जे म्हणाला ते. ‘डिझास्टर’ मनाचं. मधला ‘लास्ट मन्थ’ पुन्हा तपासणीचा. मुलांना पेन्सिलीने खरोखर चौकोन काढायला लावा. खरी वाक्यं अशीच सरमिसळ असतात, अख्ख्या वाक्याला एक शिक्का मारायचा हट्ट सोडा. मी सरळ रेघ तपासणीला आणि नागमोडी रेघ मनाला, अशी शब्दागणिक अधोरेखनं करून घेते.

म्हणण्याची क्रियापदंही निरागस नसतात. सेड, क्लेम्ड, अ‍ॅडमिटेड, पॉइंटेड आउट. म्हणाला, दावा केला, कबूल केलं, लक्षात आणून दिलं. ‘क्लेम्ड’ लिहिणाऱ्याने शंका घेतलेली असते, ‘पॉइंटेड आउट’ लिहिणाऱ्याने आधीच मान डोलावलेली असते. एकच वाक्य चारही क्रियापदांनी वाचून घ्या आणि विचारा, बातमी लिहिणारा कुणाच्या बाजूचा?

आणि आपलं ‘म्हणे’! ‘तो परत आला म्हणे.’ दोन अक्षरांत सांगून टाकलं की हे ऐकीव आहे, जबाबदारी माझी नाही. इंग्रजीत त्यासाठी अ‍ॅपरन्टली किंवा आय हर्ड दॅट लागतं. ‘म्हणे’ची वाक्यं इंग्रजीत आणायला सांगा, वर्ग खुश होतो. जाता जाता ‘अ‍ॅकॉर्डिंग टु मी’ही काढून टाका. ‘माझ्या मते’चं ते सरळसोट भाषांतर आपल्याकडे सर्रास चालतं, पण अ‍ॅकॉर्डिंग टु दुसऱ्याचा किंवा एखाद्या अहवालाचा हवाला देताना वापरतात. स्वतःसाठी इन माय ओपिनियन किंवा साधं आय थिंक.

मत म्हणजे हलकं नव्हे

तीन-चार तासांनी एक नवीच पीडा सुरू होते. वर्गाला शस्त्र मिळालेलं असतं. कुणी काही बोललं की, “दॅट्स जस्ट युअर ओपिनियन!” म्हणजे विषय बंद. हे वेळीच मोडा. मी ‘सेकंड ओपिनियन’ फळ्यावर लिहिते. डॉक्टरचं ओपिनियन म्हणजे त्यांना उगाच काहीतरी वाटलं, असं आहे का? तपासण्या बघून, अनुभवाने काढलेला तो निष्कर्ष असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रालाही ओपिनियनच म्हणतात. तेव्हा मताला विचारायचा प्रश्न ‘व्हाय?’, आणि प्रत्येक ‘आय थिंक’ला निदान एक ‘बिकॉज’ जोडायचा. बिकॉजनंतर तपासणीचं वाक्य आलं तर दुप्पट शाबासकी.

उत्तर देण्याची भाषाही इथेच शिकवा. तपासणीच्या वाक्याला ‘दॅट्स नॉट करेक्ट’ चालतं. एखाद्याला सिनेमा आवडला आणि तुम्ही ‘यू आर राँग’ म्हणालात, तर भांडण लागेल. तिथे ‘आय सी इट डिफरन्टली’. उलट, पाणी शून्य अंशाला गोठतं यावर ‘आय डिसअ‍ॅग्री’ म्हणणं विनोदी. जोड्या करून हे संवाद बोलून घ्या, लिहून नको.

वाचनासाठी उतारा हवा असेल तर आयफेल टॉवर घ्या. १८८७ मध्ये बांधकाम सुरू होताच पॅरिसमधल्या नामवंत लेखक-कलावंतांनी वर्तमानपत्रात जाहीर निषेध छापला की हा मनोरा निरुपयोगी आणि राक्षसी आहे. १८८९ मध्ये तो उभा राहिला. आज तो शहराची ओळख आहे. त्याच लोखंडाबद्दलचं मत उलटलं. गंमत म्हणजे उंचीही बदलली, वरच्या अँटेनांमुळे आता ती ३३० मीटर भरते. मत का बदललं आणि आकडा का बदलला, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या प्रकारची येतात, ती वर्गाला शोधू द्या. याच कामासाठी प्लूटोही चालतो: २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला ग्रहांच्या यादीतून काढलं, हे तपासणीचं, काढायला नको होतं, हे मनाचं.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारे असतील तर त्यांचे कान इथे टवकारतील. त्या परीक्षेच्या वाचनात ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ हा प्रकार उताऱ्यातल्या माहितीबद्दल असतो, आणि ‘येस, नो, नॉट गिव्हन’ लेखकाच्या मतांबद्दल. दोन्ही सारखेच समजून सोडवणारे खूप. सूचना आधी वाचा म्हणावं.

गुण देताना माझा हिशेब साधा आहे. नुसत्या शिक्क्याला एक गुण, ‘कशावरून’ला दोन. शिक्का चुकला पण कारण पटण्यासारखं असेल तर दोन गुण देते, आणि त्यावरून पालकांशी वादही घातलेत. २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांमधल्या पंधरा वर्षांच्या मुलांना एका पुस्तकाच्या परीक्षणातली विधानं देऊन हेच विचारलं होतं; बरोबर ओळखणारे सरासरी ४७ टक्के निघाले. दोनच पर्याय असले की अंदाजाने बरंच भागतं, म्हणून मी नुसत्या शिक्क्यावर विश्वास ठेवत नाही.

न सुटलेल्या वाक्यांसाठी एक वही ठेवा. माझ्या वहीत यंदाचं वाक्य आहे, ‘धिस चेअर इज सेफ.’ तीच डुगडुगणारी खुर्ची. अर्धा वर्ग म्हणे तपासता येतं, अर्धा म्हणे ‘सेफ’ कुणासाठी, किती वेळ? अर्धा तास घासाघीस झाल्यावर बॅचमधला सगळ्यात वजनदार गडी उठला आणि खुर्चीत जाऊन बसला. खुर्ची कुरकुरली, पण टिकली. टाळ्या झाल्या. मागून एक हळू आवाज आला, “इट वॉज सेफ. टुडे.”

भूतकाळ बरोबर वापरला होता. त्याचे मी दोन गुण दिले.